पाचवीला हायस्कुलात टाकताय? मग मे महिन्यात एवढं करून घ्या

आमचं सोलापूरच्या पूर्व भागात वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे आमची दिवाळी, जेवायला पण एकानं बसायचं आणि एकानं गिऱ्हाईक बघायचं. त्या गर्दीत चौथी संपवून पाचवीला जाणाऱ्या पोरांचे आईबाप मला लगेच ओळखू येतात. बाकीचे यादी देतात, पिशवी उचलतात, जातात. हे थांबतात. "सगळ्या दोनशेपानीच लागतात का ओ?" मग "कंपास लोखंडी डबीतली घेऊ का प्लास्टिकची?" आणि मग जरा आवाज खाली करून, "ताई, तुमचा थोरला पण हायस्कूललाच गेला ना पाचवीला, जड जातं का ओ?"

जड जातं, खोटं कशाला बोलू. पण अभ्यास नाही जड जात. चौथीपर्यंत एक बाई असतात. त्याच मराठी शिकवतात, त्याच गणित, त्याच डबा संपवायला लावतात, त्यांना माहीत असतं की ह्याचा बाप रात्रपाळीला असतो म्हणून हा सकाळी पेंगतो, हिला गर्दीत घाबरायला होतं, हा रडायच्या आधी कान ओढत बसतो. हायस्कुलात गेलं की त्या बाई गेल्या. त्यांच्या जागी सहा-सात सर-मॅडम येतात, प्रत्येकजण एक तास घेतो, घंटा झाली की दुसऱ्या तुकडीवर. त्यातलं कुणी वाईट नसतं हो, पण एका वर्गात पन्नास-साठ पोरं, त्यात तुमच्या पोराला अख्खं ओळखणारं असं कुणी एक उरत नाही. म्हणून त्या बाई जे काम गुपचूप करत होत्या त्यातलं निम्मं तरी पोराला स्वतःला करता आलं पाहिजे, म्हणजे आपली वस्तू सांभाळणं, वेळ सांभाळणं आणि अडलं तर तोंड उघडून सांगणं. खाली जे लिहितेय ते सगळं ह्याच्यासाठीच आहे आणि बरंचसं थोरल्याच्या वेळी चुका करून शिकलेय, आता धाकटी जाणार आहे. तुमचं पोरगं सातवीपर्यंतच्या शाळेत असेल आणि आठवीला हायस्कूल बदलणार असेल तरी यातलं बहुतेक तसंच लागू पडतं.

पहिल्यांदा दाखला, कारण त्याला उशीर चालत नाही. एक मेला निकाल घेतला की शाळा सोडल्याचा दाखला मागायचा, आणि हातात आला की घडी घालून पिशवीत टाकू नका, तिथंच ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहून वाचा. पोराचं नाव, वडलांचं, आईचं, आडनाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मगाव, जात. शेजारी आधार कार्ड धरा आणि अक्षर न अक्षर जुळवा. आपल्या भागात तर हे जास्तच बघावं लागतं, कारण तेलुगू-कन्नड आडनावं मराठीत लिहिताना कधी जोडाक्षर पडतं कधी गळतं, आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, आणि जातीचा दाखला काढायला गेलं की तिसरंच निघतं. आज ही चूक शाळेत एका अर्जावर दुरुस्त व्हायची शक्यता असते, दहावी होऊन पोरगं शाळेतनं बाहेर पडलं की मग खेटे घालत बसा. दाखल्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा, मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो आणि परत मिळत नाही. दाखला मिळायला उशीर झाला तर घाबरू नका, सरकारी किंवा अनुदानित शाळेला तेवढ्यावरनं प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. ऑनलाइन नोंद एका शाळेकडनं दुसऱ्या शाळेकडं जायची असते, ती शाळाच करते, तुम्ही फक्त जुलैमधे एकदा जाऊन विचारा, झाली का म्हणून.

आणि हो, सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात. दरवर्षी कुणीतरी माझ्याकडनं संच घेऊन जातं आणि आठवड्यानं परत आणतं. आधी शाळेत विचारा.

आता रस्ता. चौथीची शाळा गल्लीत असते, हायस्कूल असतं तीन-चार चौक पलीकडं. शाळा सुरू व्हायच्या आधी दोनदा तरी पोराला घेऊन तो रस्ता चाला, आणि रविवारी रिकाम्या रस्त्यानं नाही, शाळा भरायच्या आणि सुटायच्या खऱ्या वेळेला. संध्याकाळी पाच-साडेपाचला कन्ना चौक, अशोक चौक भागात काय असतं ते तुम्हाला माहितीय, रिक्षा, टमटम, मधनंच एखादा मालट्रक. कुठं थांबायचं, कुणाच्या दुकानासमोरनं ओलांडायचं हे पोराला बोट दाखवून सांगा, "नीट जा" म्हणून काही उपयोग नाही. रिक्षा लावणार असाल तर मामांना पहिल्याच दिवशी सांगा की आमचं पोरगं तुमच्या शेजारी पुढच्या सीटवर बसणार नाही, लाजू नका. दोन फोन नंबर तोंडपाठ पाहिजेत, वहीत लिहिलेले नकोत, कारण दप्तरच हरवलं तर? शिवाय १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर कुठल्याही फोनवरनं फुकट लागतो, तो पण पाठ करून घ्या. आम्ही थोरल्याला पहिले तीन दिवस सोडलं, चौथ्या दिवशी मी पन्नास पावलं मागनं गेले, त्याला कळू न देता. मारुतीच्या देवळापाशी कुत्री होती म्हणून पठ्ठ्यानं रस्ताच बदलला आणि दुसऱ्या गल्लीतनं गेला. मला आधी राग आला, मग म्हटलं बरं झालं, डोकं चालवलं.

दप्तराचं जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. थोरला जुलैमधे रोज संध्याकाळी आला की खांदा धरून बसायचा. एक दिवस त्याचं दप्तर समोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं तर सहा किलो आठशे ग्रॅम. पोराचं वजन सत्तावीस किलो. दप्तर पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा शासनाचा २०१५ चा नियम आहे, म्हणजे ह्याचं पावणेतीनच्या आत पाहिजे होतं. मी शाळेवर चिडले, भांडायची तयारी केली, आणि दप्तर उपसलं तर आत सगळ्या विषयांची सगळी पुस्तकं, सगळ्या वह्या, चित्रकलेची वही, कंपास, एक जुनी चौथीची वही पण. विचारलं, वेळापत्रक नाही दिलं का? दिलंय म्हणाला. मग? "सगळं नेलं की कुणी ओरडत नाही." त्याला वेळापत्रक वाचताच येत नव्हतं. उभे रकाने, आडवे रकाने, मवि, पअ, शाशि असली आखूड अक्षरं. चौथीपर्यंत बाईच सांगायच्या, "आता गणित काढा", त्यामुळं असला तक्ता कधी बघायचीच वेळ आली नव्हती.

म्हणून वेळापत्रक वाचायला मे महिन्यातच शिकवा. शाळेचं मिळालेलं नसतं तेव्हा घरचंच करा. कागदावर सोमवार ते शनिवार उभे, सकाळ-दुपार-संध्याकाळ आडवे, आणि त्यात पोराची कामं. धाकटीकडं मी ह्यावर्षी नळाच्या पाण्याचं खातं दिलंय. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं घरात कुणीतरी लक्षात ठेवावंच लागतं की मागच्या वेळी कधी आलं आणि आता कधी येणार. ती कॅलेंडरवर खूण करते, आदल्या रात्री सगळ्यांना सांगते, घागरी-बादल्या रिकाम्या करून ठेवते. एकदा विसरली. त्या दिवशी पिंपात पाणी नव्हतं, शेजारनं दोन घागरी आणल्या, मी काही बोलले नाही (बोलायचं लई आलं होतं तोंडात). त्यानंतर एकदापण विसरली नाही.

शाळेचं वेळापत्रक आलं की त्याच्या दोन प्रती, एक दप्तरात आणि एक कपाटाच्या दारावर पोराच्या डोळ्यांच्या उंचीला, तुमच्या उंचीला नाही. प्रत्येक विषयाला एक रंग, वहीच्या आणि पुस्तकाच्या पाठीवर त्या रंगाची टिकली किंवा स्टिकर, वेळापत्रकात पण तोच रंग. दप्तर रात्री जेवण झाल्यावर भरायचं, सकाळी नाही, सकाळी भरलेलं दप्तर म्हणजे घरात आरडाओरडा. भरणार पोरगं, तुम्ही फक्त एक प्रश्न विचारायचा, "उद्या पहिला तास कशाचा?" बस. तुम्ही चेन उघडून तपासायला लागलात की ते पोराचं काम राहत नाही, परत तुमचं होतं. आणि वही घरी राहिली तर शाळेत नेऊन द्यायची नाही. ह्यावरनं आमच्या घरात भांडण झालंय, आमचे हे दोनदा गाडी काढून गणिताची वही द्यायला गेले, मी तिसऱ्यांदा किल्लीच लपवली. सर ओरडले असतील, पाच मिनिटं उभं केलं असेल, त्यानं काही होत नाही.

बोलायला शिकवणं हे दप्तरापेक्षा अवघड. दुकानात रोज बघते. आई म्हणते, "त्याला निळं पेन दाखवा." मी पोराला विचारते, कसलं पाहिजे रे, जेल का साधं? पोरगं आईकडं बघतं. आई म्हणते, "साधं." दहा वर्षांचं पोरगं, घरी तोंडाचा पट्टा चालू असणार, पण बाहेर त्याच्या वतीनं आईच बोलते. तेव्हा आजपासनं एक करा, दुकानात पोराला पुढं करा आणि तुम्ही बाहेर पायरीवर थांबा. त्यालाच मागू द्या, त्यालाच भाव विचारू द्या, उरलेले पैसे त्यालाच मोजून घेऊ द्या. पिठाच्या गिरणीत, मेडिकलमधे, सगळीकडं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी पोरं तर मराठीत चुकेल म्हणून अजूनच गप्प बसतात, त्यांना ही सवय जास्त लागते.

आणि तीन वाक्यं घरात चक्क नाटक केल्यासारखी म्हणून घ्या, तुम्ही सर व्हा. "सर, मला कळलं नाही, परत एकदा सांगता का." "मॅडम, बाथरूमला जाऊ का." "सर, मागच्या बाकावरचा मुलगा मला रोज त्रास देतोय." दुसरं वाक्य वाचून हसू नका. थोरला पहिला आठवडा पाण्याची भरलेली बाटली जशीच्या तशी परत आणायचा. मला वाटलं विसरतो. नंतर कळलं की मुतारी कुठं आहे ते माहीत नव्हतं, विचारायची लाज वाटत होती, म्हणून हा पाणीच प्यायचा नाही. जूनमधे, सोलापुरात! त्यामुळं प्रवेशाला जाल तेव्हा पोराला बरोबर घेऊन शाळा फिरा: संडास-बाथरूम, पिण्याचं पाणी, ऑफिस, शिपाई मामा कुठं बसतात ते. मुख्याध्यापकांची केबिन नाही बघितली तरी चालेल.

अभ्यासाचं थोडक्यात. हिंदी बहुतेक मराठी शाळांत पाचवीलाच पहिल्यांदा विषय म्हणून येतं, आणि आईबाप म्हणतात हिंदीला काय, पोरगं दिवसभर बोलतंय. ते बोलतंय ती आपली सोलापुरी हिंदी, "मेरेको वो लेको दे", "जाको आता मैं". पेपरात ते चालत नाही. मी काय केलं तर रोज रात्री पुस्तकातला अर्धा धडा मोठ्यानं वाचून घेतला, बाकी काही नाही, दिवाळीपर्यंत कान तयार झाला. गणितात भागाकार कच्चा असेल तर तो मे महिन्यात पक्का करा, कारण पुढं अपूर्णांक, दशांश, विभाज्य-विभाजक सगळं त्यावरच उभं आहे. पाढे तर हवेतच. इतिहासाची एक गंमत, चौथीत वर्षभर शिवाजी महाराज असतात, पोरं रंगलेली असतात, आणि पाचवीच्या परिसर अभ्यास भाग दोनमधे एकदम आदिमानव आणि अश्मयुग. बरीच पोरं तिथं कंटाळतात, त्यात त्यांचा दोष नाही. विज्ञान, भूगोल, इतिहास असे वेगळे विषय सहावीला सुरू होतात.

ट्यूशनचं विचारतात सगळे. माझं मत, दिवाळीपर्यंत लावू नका. पोरगं आधीच सात मास्तर सांभाळतंय, त्यात आठवा कशाला.

परीक्षेचं मात्र माहीत असू द्या. आठवीपर्यंत नापास करत नाहीत हे डोक्यातनं काढून टाका, २०२३-२४ पासनं आपल्या राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर पुन्हा एकदा परीक्षा घेतात, त्यात पण नाही झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. पोराला ह्याची भीती घालायची नाही, पण पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले की मार्क बघून ठेवून देऊ नका, कुठला प्रश्न सोडला ते बघा. न येणं वेगळं आणि वेळ न पुरणं वेगळं. थोरल्याचे पहिल्या चाचणीत दोन-दोन प्रश्न कोरे होते, येत सगळं होतं, पण पठ्ठ्या आधी प्रश्न उतरवून काढत बसला होता. गड्ड्याची जत्रा आली की जानेवारीत पोरांचं लक्ष उडतं ते उडतंच, त्याच्यावर उपाय नाही, पाळण्यात बसवून आणा आणि मग कामाला लावा. एप्रिलच्या परीक्षेला ऊन चाळीसच्या पुढं असतं, तेव्हा रात्री जागून अभ्यास होत नाही, पहाटेच उठवावं लागतं, ती सवय फेब्रुवारीपासनं.

नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, करायचं असेल तर सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असतानाच द्यावी लागते, आपल्या जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे, आणि बहुतेक जागा खेड्यातल्या पोरांसाठी राखीव असतात. स्कॉलरशिप परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, मग २०१६-१७ पासनं पाचवी-आठवीला गेली, आता परत चौथी-सातवीला आणायचा निर्णय झालाय, त्यामुळं शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका, तुमच्या पोराच्या वर्षाला काय आहे ते शाळेत विचारा.

डब्याचं, शाळा दुपारची असेल तर घरनं जेवून जातं आणि मधल्या सुट्टीला भूक लागते, तेव्हा लोळण घ्यायला लावणारा डबा नको. शेंगाचटणी लावलेली चपातीची गुंडाळी, झालं. कडक भाकरी पण देऊन बघितली, सगळ्या वर्गानं मोडून खाल्ली, ह्याला तुकडा मिळाला. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार पण असतो, तो खायला कमीपणा वाटू देऊ नका.

मुलींच्या आयांसाठी वेगळं. दहाव्या-अकराव्या वर्षी पाळी येऊ शकते, आणि ती शाळेतच आली तर? मी धाकटीला उन्हाळ्यातच सांगितलं, दोघीच गच्चीवर पापड राखत बसलो होतो तेव्हा. काय होतं, का होतं, पॅड कसं लावायचं, हातात देऊन. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक छोटी पाउच: दोन पॅड, एक चड्डी, जुन्या पेपरचा तुकडा. कुठल्याही मॅडमना जाऊन सांगायचं, वर्गशिक्षक सर असले तरी. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दादाला माहितीय का हे?" मग त्याला पण बसवून सांगितलं, वर्गात कुणाच्या ड्रेसला डाग दिसला तर हसायचं नाही, मॅडमना सांगायचं.

व्हॉट्सॲप ग्रुपचं एकच सांगते. वर्गाचा ग्रुप असतो, त्यावर रोज रात्री दहा आया "आज गृहपाठ काय होता" विचारत असतात. तुम्ही विचारू नका. पोराला वहीत लिहून आणायची सवय नसेल तर त्यानं मित्राच्या घरी जाऊन विचारावं, गल्लीत कुणीतरी असतंच.

खरेदीचं शेवटी, माझंच गिऱ्हाईक तुटेल असं सांगते. पहिल्या दिवशी सगळ्या वह्या घेऊ नका. फक्त तीन शंभरपानी वह्या, दोन पेनं, पेन्सिल, खोडरबर, पट्टी. हायस्कुलात प्रत्येक सरांची तऱ्हा वेगळी, एकाला दोनशेपानी पाहिजे, एकाला दुरेघी, गणिताच्या सरांना चौकटीची, आणि तुम्ही आधीच डझनभर एकरेघी घेऊन ठेवलेल्या असतात. आठवडा जाऊ द्या, पोराला सगळ्यांकडनं विचारून कागदावर लिहून आणू द्या आणि तो कागद घेऊन पोरालाच पाठवा. कंपास लोखंडी डबीतली घ्या, प्लास्टिकच्या कंपासची बिजागरी दिवाळीच्या आत जाते. कव्हरं घालायला पण त्यालाच बसवा, तिरकी झाली तरी चालतात, खाकी कागदाचा रोल माझ्याकडं आहे, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.